लाकूड आणि पॉलिश : वाचकांचे प्रश्न
जुन्या व्हार्निशवर नवा स्टेन

प्रश्न : ताई, आमच्या स्वयंपाकघरातली लाकडी कपाटं बरीच जुनी आहेत. लाकूड भक्कम आहे, पण व्हार्निश पिवळं-केशरी पडलंय आणि मुठींभोवती काळपट, चिकट पट्टे झालेत. दारांना गडद अक्रोडी रंग द्यायचाय. दुकानात सांगितलं, ‘वरूनच स्टेन मारा, काही होत नाही.’ माझा भाऊ म्हणतो, सगळं व्हार्निश उतरल्याशिवाय स्टेनच्या डब्याचं झाकणही उघडू नकोस. कुणाचं ऐकू?

उत्तर : भावाचं ऐका. स्टेन म्हणजे लाकडाला रंग देणारं द्रव. तो लाकडावर बसणारा थर नाही, तो लाकडात मुरायला हवा. व्हार्निशचं काम बरोबर याच्या उलट आहे. लाकडाची सगळी छिद्रं बंद करायची आणि आत काही जाऊ द्यायचं नाही. व्हार्निश शाबूत असलेल्या दारावर साधा स्टेन लावणं म्हणजे तेलाच्या बरणीवर शाईने नाव लिहिणं. तो पसरतो, ओघळतो, वाळायला दिवस लावतो आणि कसाबसा वाळला तरी पुढे नखाने निघतो.

तरीही व्हार्निश उतरवायचा रिमूव्हर आणायला आजच निघू नका. आधी एक दार धुऊन बघा. कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण थोडा टाका, मऊ फडकं पिळून घ्या आणि रेषांच्या दिशेने पुसा. मग साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. ते वाळलं की फडक्यावर टर्पेंटाईन घेऊन पुन्हा एकदा. साबणाने तेलकटपणा जातो, टर्पेंटाईनने जुनं मेण निघतं. माझे मामा पॉलिशचं काम करायचे, त्यांच्याच हाताखाली मी शिकले. दार धुतल्याशिवाय ते कामाचा अंदाजसुद्धा देत नसत. बहुतेक कपाटांचा अर्धा काळेपणा धुराचा आणि तेलाचा असतो. तो निघाल्यावर घरच्यांनाच जुना रंग पुन्हा आवडू लागतो, आणि मग वरून व्हार्निशचा एक ताजा हात पुरतो. शाबूत पॉलिश उगाच खरवडलेलं मला बघवत नाही, म्हणून हे आधी सांगते.

मुठीभोवतीचे पट्टे मात्र नुसत्या धुण्याने जायचे नाहीत. तिथे वर्षानुवर्षं हाताचं तेल आणि घाम लागून व्हार्निशच मऊ पडलेलं असतं आणि त्या मऊ थरात मळ रुतलेला असतो. नख ओढून पाहा. काळपट वळी निघाली, तर तेवढ्या जागेतलं व्हार्निश संपलं असं समजा. तिथे नुसता घासकागद फिरवूनही उपयोग नाही, तो लगेच चोंदतो.

धुतल्यावरही रंग बदलायचाच असं ठरलं, तर पुढे दोन गोष्टी बघायच्या. दार कशाचं आहे, आणि त्यावर काय लावलेलं आहे.

दार बिजागऱ्यांतून काढून त्याची वरची कड बघा. ही कड सहसा कुणी पॉलिश करत नाही, त्यामुळे ती खरं सांगते. पुढच्या बाजूच्या रेषा कडेवरून वळून तशाच पुढे गेल्या असतील, तर लाकूड भरीव. पृष्ठभागाखाली कागदाएवढी बारीक पट्टी आणि तिच्याखाली वेगळंच लाकूड दिसलं, तर ते व्हिनियर. हल्लीचं व्हिनियर साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं असतं, कधी त्याहूनही पातळ, त्यामुळे घासायला फारसा वाव नसतो. आणि तीच गाठ, तीच नक्षी दर हात-दीड हातावर हुबेहूब परत येत असेल, तर तो छापलेला सनमायका. त्याला कुठलाही स्टेन धरत नाही, त्यामुळे तिथे हा विषयच संपला.

आता वरचं पॉलिश कसलं ते बघू. आतल्या बाजूच्या एका कोपऱ्यात कापसाने थोडं स्पिरिट लावा आणि मिनिटभर थांबा. पॉलिश चिकट होऊन कापसाला लागलं, तर ते लाखेचं आहे, आणि तुमचं काम फारच सोपं झालं. लाखेचं पॉलिश कितीही जुनं असो, स्पिरिटमध्ये विरघळतंच. फडकी आणि स्पिरिट एवढ्यावर ते उतरतं, रिमूव्हर लागतच नाही. स्पिरिटने काही झालं नाही, तर शेजारच्या जागी थिनर लावून बघा. त्याने चिकट झालं तर लॅकर, म्हणजे झटपट वाळणारं पॉलिश. थिनरलाही दाद न देता जागच्या जागी राहिलं किंवा नुसतं सुरकुतलं, तर तेलाचं व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा कडक थर देणारं व्हार्निश. तुमच्या दारांचं पिवळं-केशरी पडणं बघता हेच असावं, कारण तेलाची व्हार्निशं काळानुसार पिवळी पडतात. म्हणजे दिसतोय तो केशरी रंग बहुधा लाकडाचा नाहीच, वरच्या थराचा आहे. हे लक्षात ठेवा, कारण उतरवल्यावर खाली वेगळंच, फिकं आणि सुंदर लाकूड निघू शकतं, आणि मग कदाचित तुम्हाला अक्रोडी रंग नकोसा होईल.

व्हार्निश उतरवायला रिमूव्हर लागेल. डब्यावर मिथिलीन क्लोराईड लिहिलं असेल, तर तो डबा घरात आणू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बंद खोलीत खाली साचते आणि शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साईड होतो. बंद जागेत हे वापरताना माणसं दगावली आहेत. बेंझिल अल्कोहोलवर आधारलेले रिमूव्हर मिळतात, ते घ्या. ते सावकाश काम करतात, कधी काही तास लावतात, पण आपल्याला घाई कुठे आहे? तरीही खिडक्या उघड्या, हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

रिमूव्हर जाडसर थापायचा. ब्रश मागे-पुढे फिरवत बसू नका, एका दिशेने घालून सोडून द्या. वर प्लास्टिकचा कागद अंथरा, म्हणजे तो सुकणार नाही. थर फुगला, सुरकुतला की प्लास्टिकच्या पात्याने रेषांच्या दिशेने ओढून काढायचा. लोखंडी पातं वापरायचं असेल, तर त्याचे कोपरे कानशीने गोल करून घ्या. तीक्ष्ण कोपऱ्याचा ओरखडा लाकडावर आत्ता दिसत नाही, स्टेन लावल्यावर काळी रेघ होऊन वर येतो. दाराच्या नक्षीतल्या खाचांसाठी जाड सुतळी घ्या. ती खाचेत बसवून दोन्ही हातांनी मागे-पुढे ओढली की आतला गाळ तिला लागून बाहेर येतो. पात्याने खाचेची धार जाते, सुतळीने जात नाही.

सगळं निघाल्यावर लाकूड टर्पेंटाईनने, किंवा डब्यावर जे सांगितलं असेल त्याने, नीट पुसून घ्या. बऱ्याच रिमूव्हरमध्ये मेण असतं, ते मागे राहिलं तर स्टेन डाग-डाग होऊन बसतो.

आता एक परीक्षा. पिळलेलं ओलं फडकं दारावरून एकदा फिरवा आणि दार उजेडाकडे तिरपं धरा. उघडं लाकूड लगेच ओल पिऊन एकसारखं गडद होतं. जिथे व्हार्निश उरलंय तिथे पाणी मण्यांसारखं उभं राहतं आणि ती जागा फिकी, चकचकीत दिसते. असे ठिपके बहुतेक वेळा कोपऱ्यांत आणि सांध्यांजवळ सापडतात. सांध्यातून कधीकाळी बाहेर आलेला आणि पुसून टाकलेला सरससुद्धा याच वेळी दिसतो. सरस स्टेन पीत नाही, तेव्हा तो आत्ताच खरवडून काढा. स्टेननंतर दिसला तर त्यावर काही चालत नाही.

वाळलं की घासायचं. भरीव लाकडाला आधी १२० नंबरचा घासकागद, मग १५०, शेवटी १८०; नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक. व्हिनियरला थेट १८० नंबर हाताने, आणि तोही हलकेच. दारावर पेन्सिलने पुसट नागमोडी रेघा ओढून ठेवा आणि त्या गेल्या की थांबा, म्हणजे सगळीकडे सारखं घासलं जाईल. फार गुळगुळीत करण्याच्या मोहात पडू नका. ३२० नंबरपर्यंत घासलेलं लाकूड हाताला छान लागतं, पण त्याची तोंडं मिटतात आणि स्टेन फिका बसतो. घासायचं नेहमी रेषांच्या दिशेने. चौकटीत आडवी पट्टी उभ्या पट्टीला जिथे मिळते, तिथे आधी आडवी घासा, मग उभी, म्हणजे सांध्यावर गेलेले आडवे ओरखडे उभ्या पट्टीच्या घासण्यात निघून जातात. रंगाचे कण या ओरखड्यांत साठतात आणि सांधाच मळल्यासारखा दिसतो. लाकडाच्या कापलेल्या टोकांना मात्र मुद्दाम २२० नंबर लावा. ती जास्त स्टेन पितात आणि काळी पडतात, बारीक घासल्यावर कमी पितात.

आधी दाराच्या आतल्या बाजूवर नमुना करा. डब्यावरचा रंग त्यांच्या लाकडावरचा असतो, तुमच्या नव्हे. नमुन्यावर वरचं व्हार्निशही लावून बघा, कारण त्याने रंग आणखी गडद होतो. स्टेन नीट ढवळून घ्या, मध्ये मध्येही ढवळत राहा. त्यातले रंगाचे कण तळाशी बसतात. नाही ढवळलंत, तर पहिलं दार फिकं आणि शेवटचं काळं होईल. फडक्याने सढळ लावा, पाच ते पंधरा मिनिटं थांबा आणि मग जे वर उरलंय ते सगळं पुसून घ्या. गडद व्हावं म्हणून वर जाड थर सोडणं ही या कामातली सर्वांत जास्त होणारी चूक. हवं तितकं गडद झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात लावा आणि तोही पुसा. पाईनसारख्या मऊ लाकडावर स्टेन ढगाळ, चट्टे-चट्टे बसतो. तिथे आधी लाकडाचा कंडिशनर, म्हणजे स्टेन सगळीकडे सारखा मुरावा म्हणून आधी लावायचं द्रव, किंवा अगदी पातळ लाखेचा एक हात द्यावा. सागाला याची गरज नाही, पण साग तेलकट असतो, म्हणून स्टेनआधी एकदा थिनरने पुसून घ्यावा.

तुमच्या दुकानदाराच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगते. जेल स्टेन नावाचा घट्ट प्रकार मिळतो. तो वाहत नाही आणि जुन्या व्हार्निशवरही धरतो, मात्र व्हार्निश शाबूत हवं, स्वच्छ धुतलेलं हवं आणि १८० नंबरने चमक घालवलेली हवी. पातळ हात लावायचा, पूर्ण दिवस वाळू द्यायचा, हवा तर दुसरा हात आणि वर पारदर्शक व्हार्निश. पण त्याने रेषा झाकल्या जातात आणि दार थोडं रंगवल्यासारखं दिसतं. मुठीजवळ झिजलं की खालचा केशरी डोकावतो. बैठकीतल्या शोभेच्या कपाटाला मी एकवेळ हो म्हणेन. स्वयंपाकघरात, तेही मुठीजवळ व्हार्निश मऊ पडलेलं असताना, नाही.

प्रश्न : मी व्हार्निश न काढता कपाटाला तेलाचा स्टेन लावला. चार दिवस झाले, अजून हाताला लागतो. पंख्याखाली ठेवू की वरून व्हार्निश मारून बंद करून टाकू?

उत्तर : व्हार्निश मुळीच मारू नका. ओल्या थरावर लावलेलं व्हार्निश धरत नाही, पुढे सुरकुत्या पडून सोलून निघतं. पंख्यानेही फरक पडणार नाही. साध्या स्टेनमध्ये रंग धरून ठेवणारा अंश थोडाच असतो, त्यामुळे जाड थरात तो कडक होत नाही. फडकं टर्पेंटाईनमध्ये भिजवा, चिकट थरावर फिरवा, दोन मिनिटं थांबा आणि स्वच्छ फडक्याने पुसून काढा. फडकी बदलत राहा. सगळा चिकटपणा निघेल, खालच्या व्हार्निशला सहसा धक्का लागत नाही. दोन दिवस वाळू द्या. मग वरच्या उत्तरात सांगितलंय तसं व्हार्निश उतरवून नव्याने करा किंवा जेल स्टेनचा विचार करा.

प्रश्न : आजोबांच्या वेळचं काळपट तपकिरी कपाट आहे. मला ते फिकं, मधाच्या रंगाचं हवंय. मधाच्या रंगाचा स्टेन आणला तर होईल का?

उत्तर : होणार नाही. स्टेन रंग घालतो, काढत नाही. गडदावर फिका स्टेन लावलात, तर गडदच राहील.

काळेपणा वरच्या थरात आहे की लाकडात, हे आधी कळायला हवं. मागच्या बाजूला हाताएवढ्या जागेतलं पॉलिश उतरवा आणि ती जागा टर्पेंटाईनने ओली करा. ओली असताना जो रंग दिसेल, जवळपास तोच नुसत्या पारदर्शक व्हार्निशखाली दिसेल. जुन्या कपाटांत पुष्कळदा रंग पॉलिशमध्येच मिसळलेला असतो आणि खालचं लाकूड तुम्हाला हवंय तसंच निघतं. तसं असेल, तर स्टेन आणूच नका.

लाकडातच जुना रंग मुरलेला असला, तर थोडा घासून जाईल, पूर्ण नाही. काळे गोल डाग हे बहुधा पाणी आणि लोखंडाचे असतात. ते ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने फिके होतात. ते विषारी आहे, म्हणून मोजे घाला, नंतर लाकूड पाण्याने दोन-तीनदा पुसा आणि मास्क लावल्याशिवाय ते घासू नका, कारण उरलेले कण धुळीबरोबर नाकात जातात. लाकडाचा स्वतःचा रंग उडवायचा, तर कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साईड असं दोन बाटल्यांचं ब्लीच येतं. ते त्वचा आणि डोळे भाजवतं. घरी करून बघण्याचं हे काम नाही, आणि आजोबांच्या कपाटावर तर नाहीच. लाकडाचं वय त्या रंगात असतं, ब्लीचने ते कायमचं जातं. माझं मत विचाराल, तर पॉलिश उतरवा आणि जो रंग निघेल तो महिनाभर तसाच बघा.

प्रश्न : मशीनने घासताना दाराच्या कडेला एक फिकट पट्टा उघडा पडला. त्याच्या रेषा आडव्या आहेत. अजून घासलं तर जाईल का?

उत्तर : हात तिथेच थांबवा. ते व्हिनियर होतं आणि तेवढ्या जागेतलं संपलं. आडव्या रेषा खालच्या प्लायवुडच्या थराच्या आहेत. घासाल तितका पट्टा रुंद होत जाईल.

पट्टा बारीक असेल, तर आधी सगळ्या दाराला स्टेन लावून वाळवा. मग व्हार्निशचा एक पातळ हात द्या. तो वाळला की बारीक कुंचल्याने, आजूबाजूच्या रंगांशी जुळवत, पट्ट्यावर रेषा काढा. एकाच रंगाने भरू नका. शेजारच्या लाकडात नीट बघितलंत तर दोन-तीन छटा दिसतील, आधी फिकी छटा, मग तिच्यावर गडद रेषा. व्हार्निशच्या थरावर काम करण्याचा फायदा असा, की जमलं नाही तर पुसून पुन्हा करता येतं. वरून व्हार्निशचे उरलेले हात. पट्टा बोटभर रुंद असेल, तर रंगकामाने लपणार नाही, तिथे सुताराकडून कडेला व्हिनियरची पट्टीच बसवून घ्या. उरलेली दारं हाताने घासा.

प्रश्न : स्टेनच्या डब्यावर लिहिलंय, वापरलेली फडकी पाण्यात बुडवून ठेवा. खरंच एवढी काळजी घ्यावी लागते?

उत्तर : लागते. ही सूचना कंपनीने उगाच लिहिलेली नाही. तेलाच्या स्टेनमध्ये बहुधा जवसाचं किंवा तसलंच वाळणारं तेल असतं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. पसरलेल्या फडक्याची उष्णता हवेत निघून जाते. चुरगळून कोपऱ्यात टाकलेल्या ढिगात ती अडकते, वाढत जाते, आणि काडी न लावता फडकी पेट घेतात. हे काही तासांनी होतं, म्हणजे नेमकं तुम्ही काम आवरून झोपल्यावर. फडकी एकेक करून उघड्यावर सपाट पसरून पूर्ण कडक होऊ द्या किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. कचऱ्याच्या पिशवीत बोळा करून टाकू नका. घरात काम चालू असताना मी स्वतः शेवटचं फडकं मोजून घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही.

प्रश्न : स्टेन तेलाचा लावलाय. वर पाण्याचं पॉलियुरेथेन चालेल का? आणि कपाटात सामान कधी लावायचं?

उत्तर : चालतं, पण स्टेन पूर्ण वाळलेला हवा. दोन-तीन दिवस थांबा, हवा दमट असेल तर आणखी. पांढरं फडकं घासून बघा. त्याला रंग लागला तर अजून वेळ आहे. थांबायचं नसेल, तर मध्ये मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्या, तो दोन्हींना धरतो.

पॉलियुरेथेनचे तीन पातळ हात द्या, स्वयंपाकघरात त्याहून कमी नकोत. दोन हातांच्या मध्ये ३२० नंबर अगदी हलका फिरवा आणि धूळ ओलसर फडक्याने टिपा. पहिल्या हातानंतर घासताना कडांना जपा, तिथला थर पातळ असतो आणि खालचा स्टेन निघून येतो. पाण्याच्या पॉलिशखाली स्टील वूल वापरू नका. त्याचे तुकडे रेषांत अडकून गंजतात आणि तांबूस ठिपके उमटतात.

दुसऱ्या दिवशी दार हाताला कोरडं लागेल, म्हणून लगेच सामान भरू नका. वरून वाळणं वेगळं आणि आतपर्यंत घट्ट होणं वेगळं. त्याला तीन-चार आठवडे लागतात. दारं दोन-तीन दिवसांनी बसवायला हरकत नाही, पण जिथे दार चौकटीला टेकतं तिथे रबराच्या छोट्या टिकल्या चिकटवा, नाहीतर दोन्ही पॉलिशं एकमेकांना चिकटून उघडताना थर ओढला जाईल. फळ्यांवर पहिला महिना हलकंच सामान ठेवा, जड डबे नकोत. वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकही अंथरू नका, ते पॉलिशला चिकटून बसतं. दारं पुसायला नुसतं ओलसर फडकं वापरा, साबण महिनाभरानंतर.